चालत्या गाड्यांबाबत

सोमवार, ४ मार्च

वन्सं,

वाकून नमस्कार. गाडीतल्या ओट्यावर लिहिते आहे आणि समोर सुपाचं पातेलं आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घ्या. फोनच करणार होते. पण मागे तुम्ही म्हणालात की मी फोनवर एका दमात बोलते आणि तुम्हाला माझे पूर्णविराम ऐकू येत नाहीत. म्हणून पत्र.

तुम्ही विचारलं होतं, खाण्याच्या गाड्यांचा धंदा कसा आहे. काय सांगू! दोन वर्षांपूर्वी इस्पितळामागच्या मैदानात मी गाडी लावली तेव्हा आम्ही तीनच होतो. आता अकरा! हल्ली नोकरी सुटली की माणूस आधी गाडी घेतो आणि मग स्वयंपाक शिकतो. माझ्या शेजारचा पूर्वी विमा विकायचा. अजूनही सँडविच देताना 'तुमच्यानंतर घरच्यांचं काय?' असं विचारतो. समोर तीन दाढीवाले आहेत. गाडीला सतराशे साठ दिवे, गाणी, आणि खायला काय, तर काळा पाव! मुद्दाम काळा केलेला! माझा टोस्ट चुकून काळा झाला तर लोक परत करतात, आणि तिथे त्याच रंगाला रांग लागते.

आमच्या गाडीचं तुम्हाला ठाऊकच आहे. आधी तो दातांचा फिरता दवाखाना होता. बाहेरची भलीमोठी दाढ तीनदा रंग मारूनही आतून वर येते. त्यामुळे मैदानात आम्हाला 'दाढ' म्हणतात आणि समोरच्यांना 'दाढी'. लोक हल्ली फोनवर तारे देतात. परवा एकाने मला एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'वीस मिनिटं थांबलो. सूप दिलं. दात कोणी पाहिला नाही.'

आता मुद्दा. नगरपालिकेची नोटीस आली आहे. मैदानात सहाच गाड्या ठेवणार. वाक्य जसंच्या तसं उतरवते: 'दि. २८ मार्च रोजी पाहणी होईल. फक्त चालत्या गाड्यांनाच मैदानात जागा मिळेल.' आमची गाडी चालते, नाही असं नाही. पण कधी चालते, कधी नाही, आणि त्या दिवशी नेमकी चालली नाही तर?

तुमचा भाचा वाटच बघतोय. 'आई, गाडी बंद झाली की तुम्ही दोघं इकडे नवव्या मजल्यावर या.' पलंगसुद्धा आणून ठेवला आहे. मुलगा गुणी, सून त्याहून गुणी. पण वन्सं, तिथे मला ओट्याला हात लावू देत नाहीत. 'तुम्ही बसा' म्हणतात. मागे गेले होते तेव्हा दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला विचारलं, तुम्हाला काही खायला करून देऊ का!

तुम्ही एकतीस वर्षं याच नगरपालिकेत काढलीत. सांगा, गाडी चालती आहे हे साहेबाला कसं दाखवायचं?

तुमची,
गडबडी

•

शुक्रवार, ८ मार्च

गडबडे,

आशीर्वाद. तुझ्या पत्रात पाच उद्गारचिन्हं होती. सूप विकण्यात इतकं आश्चर्याचं काही नसतं.

नोटिशीतलं वाक्य मला ठाऊक आहे. कलम अकरा. अत्यंत नेटकं वाक्य आहे, त्यात एक शब्द जास्त नाही. घाबरण्यासारखंही काही नाही. गाडी एक तर चालते, नाही तर चालत नाही. 'कधी चालते, कधी नाही' असलं उत्तर साहेबापुढे देऊ नकोस.

तपशील कळव. सकाळी लगेच चालू होते की वेळ घेते? दिवसभरात मंदावते का? धूर येतो का, आणि कोणत्या रंगाचा? तेल केव्हा बदललं होतंस? पाणी रोज बघतेस ना? आणि आमचे बंधुराज काय करतात? गाडीतलं आपल्याला सगळं कळतं, असा तरुणपणी त्याचा समज होता.

साहेबाला 'दाखवायचं' काही नसतं. त्याच्यासमोर गाडी चालली की झालं.

तुझी नणंद

•

सोमवार, ११ मार्च

वन्सं,

नमस्कार. या पत्रात एकही उद्गारचिन्ह नाही, मोजून घ्या.

तुमचे प्रश्न वाचून हे म्हणाले, 'अक्कानं कधी गाडी लावली होती काय?' इतके नेमके प्रश्न या मैदानात कोणी विचारत नाही. आता उत्तरं.

सकाळी लगेच चालू होत नाही. साडेनऊपर्यंत ढिम्म. मग रात्रपाळीच्या नर्सबाया येतात, त्यांचा हात लागला की चालायला लागते. एक ते दोन इतकी चालते की मला घाम पुसायला फुरसत नाही. चारनंतर मंदावते. रविवारी मात्र अक्षरशः पळते, मला एकटीला आवरत नाही.

धूर दोन प्रकारचा. पांढरा नेहमीचा. माझं लक्ष दुसरीकडे गेलं की काळा. तेल दर दोन दिवसांनी बदलते, त्यात मी हात आखडत नाही. पाणी दोन पिंपं भरून आणते, तीही कमी पडतात. हे पुढे केबिनमध्ये पेपर वाचत बसतात आणि गरज पडली की हॉर्न वाजवतात. तेवढं काम ते मन लावून करतात.

खरी काळजी निराळीच आहे. २८ तारखेला गुरुवार आहे, आणि गुरुवारी आमची गाडी चालत नाही. बुधवारी चालते, शुक्रवारी चालते, गुरुवारी नाही. का, ते दोन वर्षांत मला उमगलेलं नाही.

तुमची,
गडबडी

•

शुक्रवार, १५ मार्च

गडबडे,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि पाणी प्यायले.

गुरुवारी न चालणारी गाडी मी उभ्या आयुष्यात ऐकलेली नाही. दोन दिवसांत तेल बदलावं लागतं याचा अर्थ कुठेतरी गळतंय. दोन पिंपं पाणी पिते ती गाडी की म्हैस? रविवारी पळते आणि आवरत नाही, हे तू कौतुकाने लिहिलंस. मला वाचून धडकी भरली. उद्या लोकांच्या अंगावर गेली म्हणजे? वेळीच आवर घाल. आणि रात्रभर जागलेल्या नर्सना रोज सकाळी तुझ्या गाडीला हात लावायला लावतेस, हे तर मुळीच शोभत नाही. त्यांना पेशंट आहेत.

ताबडतोब एखाद्या जाणत्या माणसाला बोलाव, तो सांगेल ते कर. आणि २८ तारखेला चार धडधाकट माणसं हाताशी ठेव. ऐनवेळी चालली नाही तर उपयोगी पडतील.

तुझी नणंद

•

बुधवार, २० मार्च

वन्सं,

नमस्कार. म्हशीचा उल्लेख माझ्याबद्दल होता की यांच्याबद्दल, ते कळलं नाही. दोघांनीही मनाला लावून घेतलेलं नाही.

जाणता माणूस बोलावला. इस्पितळाच्या कँटीनचे निवृत्त मॅनेजर. त्यांनी डोळे मिटून तीन घोट घेतले, बराच वेळ आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, 'मीठ.' मीठ घातलं. फरक पडला.

तुमची चार माणसांची कल्पना ऐकून मी थक्क झाले. एवढ्या सरळमार्गी तुम्ही, आणि हे तुम्हाला सुचावं! पण चार माणसांची कसली रांग? मी त्रेचाळीस जमवली आहेत. माहेरची एकोणीस, सासरची बावीस आणि विमावाल्याच्या दोन बहिणी. साहेब आला की सगळ्यांनी अनोळखी चेहऱ्याने रांगेत उभं राहायचं. थोरल्या जाऊबाई तालीम घेताहेत. माझा मामेभाऊ दर तालमीत 'ताई, माझ्यात मिरपूड कमी' म्हणतो. त्याला बजावलं आहे, 'बाई' म्हण. आता तो जाऊबाईंनाही बाई म्हणतो आणि त्या भडकतात.

गाडीही चकाचक केली. दोन वर्षांत जागची हलवली नाही, त्यामुळे चाकांभोवती गुडघाभर गवत माजलं होतं, ते कापलं. चाकांना टेकू म्हणून विटा आहेत, त्या पांढऱ्या रंगवल्या. बॉनेटखाली मांजर व्याली आहे, पाच पिल्लं. तिथे यांनी 'शांतता राखा' अशी पाटी लावली आहे. साहेब थोडाच तिथे बघणार?

आता मला गुरुवारची भीती वाटत नाही.

तुमची,
गडबडी

•

सोमवार, २५ मार्च

गडबडे,

आशीर्वाद नंतर. तुझं पत्र आज मिळालं. लगोलग तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू माझं काही न ऐकता 'दोन ऑम्लेट, दहा मिनिटं' म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे तातडीच्या टपालाने.

चालती गाडी म्हणजे चालणारी गाडी. चाकांवर. जागेवरून पुढे जाणारी. धंदा नव्हे, रांग नव्हे, मीठ नव्हे.

हे मला इतक्या खात्रीने कसं ठाऊक, तर कलम अकरा मी लिहिलं आहे. हे सांगणार नव्हते. स्वतःच्याच वाक्याला 'नेटकं' म्हणून बसले होते, आता लपवण्यात अर्थ नाही. मी परवाना खात्यात असताना वरिष्ठांचा मसुदा माझ्याकडे आला: 'फक्त स्वतःच्या इंजिनाच्या बळावर जागेवरून हलू शकणाऱ्या गाड्यांनाच मैदानात जागा मिळेल.' मला ते पाल्हाळ वाटलं. सहा शब्द खोडले आणि त्यांच्या जागी एकच लिहिला, 'चालत्या'. पाच शब्द वाचले. वरिष्ठांनी सगळ्या खात्यासमोर माझं नाव घेतलं. नोकरीतला तो दिवस मी अजून मधूनमधून काढून बघते.

ते सहा शब्द जागेवर असते तर तू आज इंजिन दुरुस्त करत असतीस. आता त्यांच्यापायी तुला नवव्या मजल्यावर जाऊन बसावं लागलं, तर मला ते चालणार नाही.

विटा काढ. मांजर हलव. इंजिन जाणणारा माणूस आण, सूप चाखणारा नको. आणि हे पत्र कोणाला दाखवू नकोस.

तुझी नणंद

•

शुक्रवार, २९ मार्च

वन्सं,

नमस्कार. पत्र कोणाला दाखवू नकोस म्हणालात. ते काल मी साहेबाला वाचून दाखवलं. रागवा, पण पुढचं वाचून मग रागवा.

साहेब नऊला आले. बारीक अंगाचे, हातात फळीला लावलेला फॉर्म. आमची रांग पार इस्पितळाच्या फाटकापर्यंत. मी हात पुसून पुढे झाले.

'बघा साहेब, कशी चालतेय.'

'कुठे?'

'ही काय.'

'बाई, ही उभी आहे.'

'उभी आहे ती रांग. गाडी चालतेय.'

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मागून मामेभाऊ ओरडला, 'बाई, तुम्ही माझ्या कोणी नाही, पण सूप छान झालंय!' साहेब म्हणाले, 'सूप राहू द्या. गाडी चालवून दाखवा.' मला काही समजेना. तेवढ्यात पोस्टमन आला आणि त्याने तुमचं पत्र हातात दिलं. मला मनात वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. घाबरले की आवाजही चढतो. मी 'चालती गाडी म्हणजे' पासून सुरू केलं ते 'मांजर हलव' पर्यंत थांबलेच नाही. साहेब ताठ उभे.

'कलम अकरा लिहिणाऱ्या या कोण?'

'माझी नणंद.'

'टाचणीबाई?'

वन्सं, तुम्हाला खात्यात टाचणीबाई म्हणायचे हे मला आजवर माहीत नव्हतं. साहेब सांगत होते, ते नवीन लागले तेव्हा त्यांचा रजेचा अर्ज तुम्ही चुकांना टाचण्या लावून तीनदा परत पाठवलात. चौथ्यांदा मंजूर केलात तोवर ज्या लग्नासाठी रजा हवी होती त्या जोडप्याला मूल झालं होतं.

मी म्हटलं, साहेब, दहा मिनिटं द्या. विटा काढल्या. मांजर आणि पाच पिल्लं पेपरात गुंडाळून यांच्या मांडीवर दिली आणि यांना स्टीअरिंगशी बसवलं. रांग तयारच होती, तिला फक्त गाडीच्या मागे वळवली. तेवढ्यात तुमचा भाचा आला. सामान भरायला मदत करावी म्हणून दोन रिकाम्या बॅगा घेऊन. मी म्हटलं, बॅगा ठेव आणि ढकल. त्याने खांदा लावला. जोर लावता लावता म्हणाला,

'आई, मी नक्की कुणाच्या बाजूने आहे?'

'मागच्या.'

आणि गाडी हलली, वन्सं. आधी एक कुरकुर, मग एक हिसका, मग चालायलाच लागली. 'दाढ हलली, दाढ हलली' म्हणून सगळं मैदान ओरडायला लागलं. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरून एक दातांचे डॉक्टर डोकावून गेले. साहेब बाजूने पावलं मोजत चालले होते. एकेचाळीस भरली. मग ती विमावाल्याच्या बाकड्याला टेकून थांबली आणि तो म्हणाला, 'बघा, मी सांगत नव्हतो?'

अकरांपैकी पाचच गाड्या आपल्या आपण सुरू झाल्या. दाढीवाल्यांची नाही झाली. त्यांची सगळी बॅटरी दिव्यांनी पिऊन टाकली होती आणि तिघांनी ढकलून ती वीतभरही हलेना. आमची माणसं द्यावीत असं मला वाटत होतं, पण सगळ्यांना एव्हाना भूक लागली होती आणि गाडीवर झुंबड उडाली. ढकलणारे, बघणारे, दाढीवाले, सगळे.

आता निकाल. साहेब म्हणतात, स्वतःच्या इंजिनावर असतं तर प्रश्नच नव्हता, पण कलमात फक्त 'चालत्या' आहे. ढकललेली गाडी चालती धरायची की नाही, हे त्यांना ठरवता येईना. म्हणून खात्यातर्फे तुम्हालाच लेखी विचारणार आहेत. तुम्ही लिहाल ते अखेरचं.

वन्सं, मी तुम्हाला एक अक्षरही सांगणार नाही. तुम्ही खोटं लिहिणार नाही आणि मला ते नकोही आहे. तुमच्या भाच्याने १५ एप्रिलचा टेंपो ठरवून ठेवला आहे, एवढंच कळवते.

तुमची,
गडबडी

•

मंगळवार, ९ एप्रिल

गडबडे,

आशीर्वाद. मागच्या वेळचा राहिलेला धरून दोन.

परवाना खात्याचं पत्र आलं. 'कलम अकरामधील "चालत्या" या शब्दाने आपणांस नेमके काय अभिप्रेत होते?' पत्रात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या टाचणी लावून वेगळ्या कळवल्या.

मला काय अभिप्रेत होतं ते मला स्वच्छ ठाऊक आहे. ते स्वच्छ लिहूनही काढलं, सही केली, पाकीट चिकटवलं. मग ते पाकीट चार दिवस जेवणाच्या टेबलावर पडून राहिलं आणि मी त्याच्याकडे पाठ करून जेवत राहिले. तू नवव्या मजल्यावर हात मांडीवर ठेवून बसली आहेस, असं चित्र मध्येच समोर यायचं. मला असली चित्रं दिसत नाहीत. तब्येत तपासून घेतली, ठणठणीत आहे.

पाचव्या दिवशी आठवलं. खात्यात नव्या माणसाला मी पहिल्याच सकाळी सांगायची, 'तुमच्या मनात काय होतं ते घरी सांगा. इथे कागदावर काय आहे ते सांगा.' म्हणजे मला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. माझ्या मनात काय होतं याच्याशी नगरपालिकेला काय करायचं आहे? कागदावर 'चालत्या' आहे. कोणाच्या बळावर, ते कागदावर नाही. होतं, ते मीच खोडलं.

पाकीट फाडलं. नवं उत्तर लिहिलं: 'जी चालली ती चालती. पाहणी अहवालानुसार सदर गाडी एकेचाळीस पावले चालली आहे.' उत्तर बरोबर आहे. तरी ते पेटीत टाकताना मी आधी आजूबाजूला पाहिलं.

काल तुझ्या साहेबाचा फोन आला. जागा क्रमांक सहा तुझी. भाच्याला सांग, टेंपो रद्द कर. तो मनाने चांगला आहे. त्याला गाडीवर कांदे चिरायला बसव, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तरी कोणी कारण विचारणार नाही.

मात्र उद्याच्या उद्या इंजिन दुरुस्तीला टाक. परवाना एका वर्षाचा आहे. पुढच्या वर्षी त्या खुर्चीत 'चालणे' आणि 'चालवणे' यांतला फरक कळणारा माणूस बसला, तर माझं उत्तर एक मिनिट टिकणार नाही.

तुझी नणंद